दसऱ्याला टीव्ही घ्यायचाय : ५५ की ६५? इंदूरच्या रामबागेतली जुनी बैठक, सल्ला हवा

रामबागवाला
२४ सप्टेंबर २०२५, रात्री ९.५०

मंडळी, घरातला ३२ इंची टीव्ही तेरा वर्षांचा झाला. गेल्या महिन्यापासून त्याच्या डाव्या कोपऱ्यात काळोख पडायला लागलाय. आई म्हणते, "चालतंय की अजून." बायको म्हणते, "बास झालं." मुलगा पुण्याहून फोनवर म्हणतो, "बाबा, ६५ च्या खाली घेऊ नका." पैसे मात्र तो देणार नाही.

परवाच्या २२ तारखेपासून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ झालाय, म्हणून आत्ताच घ्यावा म्हणतो. काल जेल रोडवर आणि दोन मोठ्या दुकानांत फिरून आलो. डोकं गरगरलं. क्यूएलईडी, ओएलईडी, मिनी एलईडी, आणि प्रत्येक सेल्समन दुसऱ्याचा माल वाईट म्हणतो. दुकानात सगळीकडे तोच एक पोपट आणि तीच एक रंगीत फळं.

बैठक ११ बाय १६ फूट. सोफ्यापासून समोरची भिंत साधारण नऊ फूट. पश्चिमेला मोठी खिडकी, दुपारी तीननंतर ऊन थेट आत. घर आजोबांच्या वेळचं, भिंती चुन्याच्या, दीड फूट जाड. बघणारे तीन जण : आई (७८, मराठी मालिका आणि कीर्तन), मी (क्रिकेट, बातम्या), बायको (रात्री सिनेमा). बजेट साठ-पासष्ट हजार, फार तर सत्तर. मला ५५ पुरेसा वाटतो, ६५ म्हणजे घरात टॉकीज.

काय करू?

पोहेजिलबी
२४ सप्टेंबर, रात्री १०.२०

भिया, ६५ घेऊन घ्या. मोठा घेतल्याचा पस्तावा झालेला माणूस मी इंदुरात अजून पाहिला नाही. छोटा घेऊन रडणारे रोज भेटून राहिलेत.

अवंतिका_वडोदरा
२४ सप्टेंबर, रात्री ११.०५

असं उडत उडत सांगू नका हो, पोहेजिलबी. काका, जुनी वर्तमानपत्रं आणि चिकटपट्टी घ्या. ५५ इंची पडदा साधारण १२२ सेंमी रुंद आणि ६९ सेंमी उंच असतो, ६५ इंची १४४ बाय ८१. दोन्ही मापांचे कागद भिंतीवर आळीपाळीने लावा, सोफ्यावर बसा, चहा प्या, आणि दोन दिवस तसेच राहू द्या. आम्ही दांडिया बाजारच्या घरी हेच केलं होतं. सासूबाई पहिल्या दिवशी "अगंबाई, केवढा!" म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी त्याच म्हणाल्या, "एवढा तर हवाच."

एक गोष्ट मात्र आमची चुकली. आमच्याकडे बैठकीत झोपाळा आहे. अंतर मोजलं ते सोफ्यापासून, आणि बघतात सगळे झोपाळ्यावरून. तो सोफ्यापेक्षा टीव्हीच्या दोन फूट जवळ आहे आणि शिवाय हलतो. कोण कुठे बसून बघतं ते आधी पाहा.

लष्करचा_मेकॅनिक
२५ सप्टेंबर, सकाळी ७.१५

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून. तीस वर्षं टीव्ही दुरुस्त केले, त्यातली पहिली दहा फक्त पिक्चर ट्यूबवाले. दुकानदार सांगत नाही ते सांगतो.

क्यूएलईडी नावाला भुलू नका. तो साधा एलसीडीच आहे, मागे एलईडी दिवे आणि मध्ये रंग सुधारणारा एक थर. रंग चांगले येतात, काळा रंग मात्र मागचे दिवे कसे लावलेत त्यावर ठरतो. मिनी एलईडीत हे दिवे बारीक आणि पुष्कळ असतात, ते गटागटाने मंद करता येतात, म्हणून काळा जास्त काळा दिसतो. ओएलईडीत मागे दिवाच नाही, प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि विझतो. रात्री अंधारात त्याच्यासारखं चित्र नाही. पण तुमच्या घरात एकच चॅनल दिवसभर चालू राहणार. कोपऱ्यातला लोगो आणि बातम्यांची खालची पट्टी तासन्‌तास एकाच जागी राहिली तर ओएलईडीवर त्यांचा कायमचा डाग पडू शकतो. शिवाय पश्चिमेचं ऊन. तुम्हाला एलईडीतलाच चांगला, जास्त उजेडाचा घ्यावा.

आता पॅनलचं, म्हणजे चित्र उमटतं त्या पडद्याचं. व्हीए आणि आयपीएस असे त्याचे प्रकार. व्हीए पॅनलवर काळा गडद दिसतो, पण बाजूने बघितलं की रंग फिके होतात. आयपीएसचं उलट. तुमची बसायची जागा समोरच असेल तर व्हीए. पाहुणे भिंतीकडेने एल आकारात बसत असतील तर आयपीएस. एकाच मॉडेलच्या ५५ आणि ६५ मध्ये वेगवेगळं पॅनल निघू शकतं, हे लक्षात ठेवा.

अंतराचा माझा हिशोब : सोफा ते भिंत अंतर इंचात घ्या, १.६ ने भागा. नऊ फूट म्हणजे १०८ इंच, भागून साडेसदुसष्ट. तुमचा मुलगा बरोबर आहे.

रामबागवाला
२५ सप्टेंबर, दुपारी १.४०

मुलाला हे वाचायला देणार नाही.

हिशोबी_नाना
२५ सप्टेंबर, दुपारी ४.१०

जीएसटी २८ चा १८ झाला म्हणजे किंमत दहा टक्के उतरली असं सगळे समजतात. तसं नाही. करासकट ६४,००० चा टीव्ही असेल तर मूळ किंमत ५०,०००. आता १८ टक्क्यांनी ५९,०००. म्हणजे पाच हजार कमी, आठ टक्क्यांच्याही जरा खाली. दुकानात "दहा टक्के तर सरकारनेच कमी केले" असं सांगून वर "दसरा ऑफर"ची चिठ्ठी लावतात. ऑगस्टमधली किंमत कुणाकडे असेल तर ताडून बघा. आणि ३२ इंचीवर आधीपासूनच १८ होता, तिथे करापोटी काही उतरलेलं नाही.

मीनल_लोकमान्यनगर
२६ सप्टेंबर, रात्री ८.३०

आकार सोडा, आई काय बघतात ते मला महत्त्वाचं वाटतं. आमच्याकडे मागच्या वर्षी ५५ चा फोर-के आला. पहिल्या दिवशी सासऱ्यांनी मराठी चॅनल लावलं आणि म्हणाले, "हा तर जुन्यापेक्षा वाईट आहे." खरंच वाईट दिसत होता. माणसांच्या चेहऱ्यांना जणू कुणी ओल्या फडक्याने पुसलं होतं.

कारण नंतर कळलं. डिशचं साधं चॅनल ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं आणि फोर-केचा पडदा ३८४० बाय २१६० चा. गुणाकार करून बघा, एका ठिपक्याचे बरोबर वीस करावे लागतात. ते टीव्ही अंदाजाने करतो. जुन्या ३२ इंचीवर हे झाकलं जायचं, मोठ्यावर उघडं पडतं. उपाय दोन : सेट टॉप बॉक्स एचडीचा घ्यायचा आणि मराठी चॅनलं एचडीत असतील ती घ्यायची, नाहीतर त्याच मालिका अ‍ॅपवर बघायच्या. आपल्याकडे मध्य प्रदेशात मराठी चॅनलं नेहमीच्या पॅकमध्ये नसतात, सुटी जोडावी लागतात. मग जोडतानाच एचडी जोडा. सह्याद्री तर फ्री डिशवर फुकट आहे.

पोहेजिलबी
२६ सप्टेंबर, रात्री ८.४५

आमच्या घरी सासूबाईंना साध्या चॅनलच्या चित्राच्या कडेच्या काळ्या पट्ट्या चालत नाहीत. "पैसे पूर्ण पडद्याचे दिले ना?" मग मी ताणून भरून देतो. सगळे नट एका रात्रीत जाडे होऊन जातात.

लष्करचा_मेकॅनिक
२६ सप्टेंबर, रात्री ९.३०

मीनलताईंचं शंभर टक्के खरं. दुकानात साधं चॅनल लावून दाखवा म्हणा, पोपट नको. पेन ड्राइव्हवर आपली एखादी जुनी लग्नाची चित्रफीत न्या आणि ती लावून बघा. आणि दुकानातला टीव्ही डेमो मोडमध्ये असतो, उजेड आणि रंग टोकाला. तसाच घरी चालवलात तर मागच्या दिव्यांच्या पट्ट्या लवकर जातात. माझ्याकडे येणाऱ्या बिघडलेल्या एलईडीत या पट्ट्या गेलेल्याच जास्त असायच्या. घरी आणल्यावर पहिलं काम : होम मोड, आणि बॅकलाइट साठ-सत्तरवर.

रामबागवाला
२८ सप्टेंबर, रात्री १०.००

कागद लावला. दोन्ही. ६५ चा कागद आईने बघितला आणि विचारलं, "पोपडे झाकायला लावलंस का?" भिंतीचे पोपडे खरंच झाकले गेले होते.

६५ ठरला. एलईडी, व्हीए पॅनल. आता भिंतीवर लावायचा की टेबलावर?

अवंतिका_वडोदरा
२८ सप्टेंबर, रात्री १०.३५

भिंतीवर लावायचा तर फार वर नको. सगळे हॉटेलसारखा वर टांगतात आणि मग मान दुखते. सोफ्यावर बसल्यावर डोळ्यांची उंची जमिनीपासून साधारण साडेतीन फूट येते, पडद्याचा मध्य तिथेच किंवा थोडा खाली हवा.

रामबागवाला
३ ऑक्टोबर, सकाळी ११.२०

काल दसरा. मुहूर्त साधला, पण कसा ते वाचा.

संध्याकाळी साडेसहाला लोडिंग ऑटो आली. त्यात टीव्हीचं खोकं आडवं, पालथं, वर एक मिक्सरचं खोकं आणि त्या मिक्सरवर बसलेला मुलगा. खोक्यावर उभ्या बाणाचं चित्र होतं, तो बाण सरळ शेजाऱ्यांच्या दारात जात होता. मी म्हटलं, आधी उघडून चालू करा, मग सही. मुलगा म्हणाला, "अंकल, इन्स्टॉलेशनवाला परवा येईल, तेव्हाच उघडायचं." मेकॅनिकसाहेबांचा तीस वर्षांचा अनुभव आठवला आणि हटून बसलो. दुकानात फोन केला, मोबाइलवर चित्रण सुरू ठेवलं, खोकं उघडायला लावलं. चालू केल्यावर उजव्या बाजूला वरपासून खालपर्यंत एक बारीक हिरवी रेघ.

आईने आपट्याची पानं वाहिली होती. ती तशीच खोक्याबरोबर परत गेली.

हिशोबी_नाना
३ ऑक्टोबर, दुपारी १२.००

शाबास. सही करून ठेवली असतीत तर "ग्राहकाच्या हातून झालं" म्हणून मोकळे झाले असते. पॅनल फुटणं वॉरंटीत बसत नाही, आणि टीव्हीच्या किमतीतला मोठा भाग पॅनलचाच.

रामबागवाला
१० ऑक्टोबर, रात्री ९.१५

काल दुसरा आला. उभा आला. रेघ नाही, ठिपके नाहीत. पेन ड्राइव्हवर पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा असे दोन फोटो घेऊन तपासला.

आज लावणारा आला आणि भिंतीचं नाटक झालं. ड्रिल आत जातंय, जातंय, आणि बाहेर नुसता चुना. चार इंच गेलं तरी वीट लागेना. बोल्ट घातला तर बोटाने फिरतो. त्याने सिमेंट भरू म्हटलं. टीव्ही वीस किलोच्या वर, खाली आईची आरामखुर्ची. मी "नको" म्हटलं. बैठकीत चुन्याचा पाऊस पडलाय, बायको बोलत नाही.

लष्करचा_मेकॅनिक
१० ऑक्टोबर, रात्री ९.५०

बरं केलंत. चुन्याच्या भिंतीत आपले नेहमीचे फुलणारे बोल्ट धरत नाहीत, फुगायला घट्ट माल लागतो. आमच्या लष्करातल्या जुन्या वाड्यांत आम्ही आधी जाड प्लायचा फळा दहा-बारा ठिकाणी लांब बोल्टांनी बसवायचो, वजन वाटलं जातं, मग त्या फळ्यावर ब्रॅकेट. पण सुतार चांगला हवा. नाहीतर सरळ पायांवर उभा करा. मात्र पाय मोजा, बऱ्याच ६५ इंचीत दोन पाय दोन टोकांना असतात. टेबल तेवढं रुंद नसेल तर एक पाय हवेत.

रामबागवाला
११ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.३०

पायांमधलं अंतर १०८ सेंमी. घरातल्या एकाही टेबलाला तेवढी रुंदी नाही. मग बायकोने (बोलायला लागली) माळ्याखालच्या खोलीतली आजोबांची सागवानी संदूक दाखवली. चार फूट लांब, ४६ सेंमी उंच, पितळी कड्या. चौघांनी उचलून आणली, वर जाजम घातलं, टीव्ही ठेवला. चोख बसला. मध्य बरोबर डोळ्यांसमोर. नात येते तेव्हा ओढून पाडू नये म्हणून मागे पट्ट्याने खिडकीच्या गजाला बांधलाय.

पहिल्यांदा वाटलं, आता खोली खोली दिसते.

मीनल_लोकमान्यनगर
११ ऑक्टोबर, रात्री ८.००

फोटो टाका ना काका. संदुकीचा. टीव्ही कुणाला बघायचाय!

रामबागवाला
२० ऑक्टोबर, सकाळी १०.००

दिवाळीच्या शुभेच्छा सगळ्यांना. काल होळकर स्टेडियमवर भारत-इंग्लंड होतं, महिला विश्वचषकाचं. स्टेडियम घरापासून दोन-तीन किलोमीटर, तिकिटं काढली नाहीत कारण घरी ६५ इंच. शेव, चकली, बारा माणसं.

२८९ हवे होते. शेवटी शेवटी श्वास धरून बसलो होतो आणि प्रत्येक वेळी शेजारच्या घरातून आधी आवाज. त्यांनी "अरेरे" केलं की आम्हाला कळायचं, आता आपल्याकडे विकेट पडणार. आम्ही अ‍ॅपवर बघत होतो, ते डिशवर. त्यांचा सामना आमच्यापेक्षा अर्धा मिनिट पुढे! शेवटच्या षटकांत धावत जाऊन डिशवर आलो. चार धावांनी हरलो. निदान शेजाऱ्यांच्या बरोबरीने हरलो.

चित्राबद्दल : बायकोने रात्री सिनेमा लावला आणि म्हणाली, "हे शूटिंग बघतेय असं का वाटतंय?" कुठे काय करायचं?

अवंतिका_वडोदरा
२० ऑक्टोबर, सकाळी ११.१५

दोन चित्रांच्या मध्ये टीव्ही स्वतःचं एक चित्र घुसवतो, त्याने हा प्रकार होतो. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो, त्याला टीव्ही जबरदस्तीने गुळगुळीत करतो आणि शंभर कोटींचा सिनेमा सासू-सुनेच्या मालिकेसारखा दिसू लागतो. प्रत्येक कंपनीचं त्याला वेगळं नाव. चित्राच्या सेटिंगमध्ये मोशन, स्मूथ, क्लॅरिटी अशा शब्दांखाली शोधा आणि बंद करा. किंवा फिल्ममेकर मोड असेल तर तो लावा, तो हे सगळं एकदम बंद करतो. क्रिकेटला मात्र थोडं ठेवलं तर चेंडू नीट दिसतो. त्याच यादीत वीज वाचवायचं सेटिंग असतं, ते चालू असेल तर संध्याकाळी पडदा आपोआप अंधारतो. टीव्ही बिघडला असं वाटून लोक तक्रार करतात.

रामबागवाला
२० ऑक्टोबर, रात्री ११.३०

सापडलं. बायको म्हणते अवंतिकाताईंना फराळाचा डबा पाठवा.

आता आवाजाचं रडगाणं. चित्र एवढं मोठं आणि आवाज डब्यातून. आईला संवाद कळत नाहीत, पार्श्वसंगीत मात्र घर हलवतं.

लष्करचा_मेकॅनिक
२१ ऑक्टोबर, सकाळी ८.००

टीव्ही पातळ झाले, स्पीकरला जागाच उरली नाही. ते खाली तोंड करून असतात, आवाज तुमच्या जाजमावर आदळतो. साउंडबार घ्या, ज्यात मधला स्पीकर वेगळा असेल असा, संवाद त्यातून येतात. एआरसी लिहिलेल्या एचडीएमआय खाचेत जोडा, म्हणजे एकाच रिमोटवर आवाज कमी-जास्त होईल. तोवर आवाजाच्या सेटिंगमध्ये स्पष्ट संवादाचा पर्याय असतो, तो लावून बघा.

आणि हो, लाइट गेली की भिंतीतलं बटण बंद करायची सवय लावा. कमी-जास्त व्होल्टेज हे टीव्ही बरंच सोसतात, लाइट परत येते तेव्हाचा झटका सोसत नाहीत. पावसाळ्यात कडाडायला लागलं तर डिशच्या छत्रीची केबलही काढून ठेवा. वीज तिथूनही येऊ शकते.

पोहेजिलबी
२१ ऑक्टोबर, सकाळी ८.२०

आणि थर्माकोल रस्त्यावर फेकू नका भिया, इंदूर आहे. कचरागाडीवाला सगळ्या गल्लीसमोर इज्जत काढून देतो.

रामबागवाला
९ नोव्हेंबर, रात्री ९.००

महिना झाला, थोडक्यात हालहवाल. दुपारच्या उन्हाला खादीचे जाड पडदे लावले, पुरतात. साउंडबार आला. विजेची भीती होती. मोजायचं यंत्र मित्राकडून आणलं, साधारण १३० वॅट घेतो. रोज पाच तास म्हणजे महिन्याला वीस युनिटच्या आत.

सगळ्यात मोठा प्रश्न आईचा होता. बटण दाबलं की अ‍ॅपांची नाहीतर जाहिरातींची पानं उघडायची आणि ती घाबरून बंद करायची. नव्या रिमोटवर आकडेही नाहीत. मग सेटिंगमध्ये सापडलं की चालू होताच सरळ सेट टॉप बॉक्सवर जाता येतं. आता तिच्या हातात फक्त डिशचा जुना रिमोट, आकड्यांवर लाल नखपॉलिशचे ठिपके. बटण दाबलं की तिचं चॅनल. माझा रिमोट कपाटात.

पडदा कोरड्या मऊ कापडाने पुसतो. आरसे पुसायचा फवारा मारायला निघालेल्या बायकोला ऐनवेळी थांबवलं.

मीनल_लोकमान्यनगर
९ नोव्हेंबर, रात्री ९.४०

जुन्या ३२ चं काय केलंत?

रामबागवाला
९ नोव्हेंबर, रात्री १०.०५

आईच्या खोलीत. काळ्या कोपऱ्यासकट. दुपारची झोपायच्या आधीची मालिका ती तिथेच बघते, पडल्या पडल्या. म्हणते, "त्या मोठ्यावर बायका अंगावर येतात."

हिशोबी_नाना
१२ डिसेंबर, सकाळी ९.३०

काका, आमचीही भिंत चुन्याची आहे. संदुकीवर ठेवायचा विचार आहे. दोन महिन्यांत काही अडचण?

रामबागवाला
१२ डिसेंबर, सकाळी ९.५५

एक आहे. चार दिवसांपासून इथे कडाक्याची थंडी पडलीय. काल रात्री आई म्हणाली, "अरे, गोधड्या काढ ना." मी विचारलं, कुठे आहेत?

संदुकीत. झाकण वरून उघडतं.

आज संध्याकाळी चार माणसं बोलावली आहेत. पोहेजिलबी, तुम्ही सुदामानगरलाच राहता ना? सहा वाजता या.